गोडी मोजणारं खोरं



विषय कळवला त्याच संध्याकाळी कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "सर, वाइन म्हणजे दारूच की. गुरुजींच्या नावाची व्याख्यानमाला आहे ही." ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते गुरुजी चहासुद्धा घेत नसत, हे मलाही ठाऊक आहे. मी त्यांचाच विद्यार्थी. पण भूगोल शिकवताना त्यांनी आम्हांला एक खोड लावली होती. कुठल्याही पिकाचं नाव निघालं की विचारायचं, हे इथंच का? पलीकडच्या तालुक्यात का नाही? मी कार्यवाहांना शब्द दिला की पेल्याबद्दल कमी बोलेन आणि वेलीबद्दल जास्त. तो शब्द जमेल तेवढा पाळतो.

या सभागृहात निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी बाग आहे, आणि इथं बाग म्हटलं की ती द्राक्षाचीच. त्यामुळं वेल म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पण आपली बाग जगाच्या हिशेबानं जरा विचित्र आहे, हे आधी मान्य करू. द्राक्षवेल मुळात हिवाळ्यात झोपणारी. पानं गाळायची, चार महिने गप्प पडायचं, थंडी सरली की फुटायचं. आपल्याकडं, विसाव्या अक्षांशावर, तिला पुरती झोपवेल अशी थंडीच नाही. मग आपण तिला कात्रीनं फसवतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. चार महिन्यांचा हिवाळा आपण बाटलीतून आणतो आणि डोळ्याडोळ्याला लावतो, असंच म्हणा ना.

मी ज्या खोऱ्याबद्दल बोलणार आहे ते पन्नासाव्या अक्षांशाला लागून आहे. जर्मनीच्या पश्चिम कडेला, मोझेल नदीचं खोरं. ही नदी फ्रान्समध्ये व्होज डोंगरात उगम पावते, थोडा वेळ लक्झेंबर्ग आणि जर्मनीची हद्द होते, ट्रियर शहरावरून पुढं जाते आणि कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते. एकूण लांबी सुमारे ५४५ किलोमीटर. यातला ट्रियर ते कोब्लेन्झ हा टप्पा आपल्या कामाचा. नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही, पण नदी इतकी वळसे घेत जाते की तिची वाट जवळजवळ दुप्पट होते. माझी भाची नोकरीनिमित्त लक्झेंबर्गला असते, म्हणून दोन वेळा तिकडं जाणं झालं. पहिल्यांदा ट्रियरहून आगगाडीनं निघालो तेव्हा वाटलं, ही नदी कुठं पोचायच्या घाईत नाही.

त्या वळणांतच सगळी गोम आहे. प्रत्येक वळणाला एक काठ दक्षिणेला तोंड करतो. त्या काठावर वेली. समोरच्या, उत्तरेकडं बघणाऱ्या काठावर जंगल, नाहीतर गवत. दोन्हींच्या मध्ये दगड भिरकावला तर पलीकडं पडेल एवढीच नदी. मुंबईतल्या फ्लॅटवाल्याला पूर्वेच्या खिडकीचं जितकं महत्त्व, त्याहून जास्त इथं दक्षिणेच्या उताराचं.

का, ते सोपं आहे. शाळेतला सूर्याचा कोन आठवा. द्राक्ष पिकायच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तिथं भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो. सपाट जमिनीवर ते ऊन तिरपं पडतं आणि पसरून पातळ होतं. जमीनच उभी केली तर तेच ऊन तिच्यावर सरळ पडतं. म्हणून त्या लोकांनी डोंगराच्या उभ्या अंगावर वेली लावल्या. ब्रेम नावाच्या गावाजवळ कालमोंट म्हणून एक उतार आहे, जगातल्या सगळ्यांत उभ्या द्राक्षबागांपैकी एक. तिथं चढ ६५ अंशांच्या घरात जातो. आपला सह्याद्रीतला घाट चढणारा माणूसही तिथं हात टेकून चढेल. ट्रॅक्टर तर सोडाच. एकाच दातेरी रुळावरून सरपटणारी छोटी गाडी असते, तीवर माणूस आणि क्रेट बसतात. बाकी सगळं पाठीवर.

आणि पायाखाली काय, तर पाटी. खरोखरची. गुरुजींच्या वर्गात आपण ज्या दगडी पाटीवर पेन्सिलीनं लिहायचो, तोच स्लेटचा दगड. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ दबून त्याचे पापुद्रे झाले आहेत, कुठं निळसर-करडे, कुठं लालसर. माती अशी दिसतच नाही. हातभर लांबीच्या कपच्यांत खुंटा ठोकलेला आणि त्या खुंट्याला वेल बांधलेली. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेलीचा वेगळा खांब, आणि वेलीच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. त्यामुळं माणूस उतारावर कुठूनही कुठंही जाऊ शकतो, ओळीत अडकत नाही. दिवसभर तापलेला हा दगड रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. मी संध्याकाळी सहाला एका कपचीवर तळहात ठेवला, ती नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेइतकी कोमट होती. अंगात मात्र स्वेटर होता.

पावसानं या कपच्या खाली घसरतात. पूर्वी त्या टोपल्यांत भरून पुन्हा वर नेऊन टाकायचे. दर काही वर्षांनी डोंगर पुन्हा डोंगरावर चढवायचा. हे करणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांचा विचार मनात येतो. आजही या उतारांवर सपाट बागेच्या कित्येक पट तास लागतात, आणि तोडणीला पोलंड, रुमानियातून मजूर येतात. पुढच्या पिढीला हे परवडत नाही. गेल्या तीसेक वर्षांत या प्रदेशातलं द्राक्षाखालचं क्षेत्र १२ हजार हेक्टरांच्या वरून साडेआठ हजारांच्या आसपास आलं आहे. वर झाडोरा माजलेले, सोडून दिलेले उतार नदीतून सहज दिसतात.

आता द्राक्ष. इथला राजा रीसलिंग. पांढरं, लहान मण्याचं, घट्ट घडाचं. या नावाची सगळ्यांत जुनी नोंद १४३५ सालची, ऱ्हाइनजवळ रुसेल्सहाइमच्या एका सरदाराच्या हिशेबात, काड्या विकत घेतल्याची. (आपल्याकडं जुन्या दफ्तरांत जसं बैलांच्या आणि दाण्याच्या खर्चातून इतिहास निघतो, तसंच हे.) पण द्राक्षं मोझेलकाठी त्याच्या हजार वर्षं आधीपासून आहेत. चौथ्या शतकात औसोनियस नावाच्या रोमन कवीनं या नदीवर एक दीर्घ कविता लिहिली आणि तीत काठावरच्या वेलींचं वर्णन केलं. पीसपोर्ट गावात रोमन काळातले द्राक्ष पिळायचे दगडी हौद सापडले आहेत. नॉयमागेनला एका वाइन व्यापाऱ्याच्या थडग्यावरची, पिंपांनी भरलेली दगडी नाव सापडली. तिचं मूळ शिल्प ट्रियरच्या संग्रहालयात आहे, त्यात एक खलाशी इतका हसरा आहे की मालाची चव त्यानं वाटेतच घेतली असावी.

रोमनांच्या नंतर शतकानुशतकं तिथं बरंचसं एल्ब्लिंग जातीचं द्राक्ष होतं. पीक भरपूर, चव यथातथा. १७८७ मध्ये ट्रियरच्या आर्चबिशपनं, म्हणजे तिथल्या राजानंच, क्लेमेन्स वेन्झेस्लाउसनं हुकूम काढला की हलक्या वेली सात वर्षांत उपटा आणि चांगल्या जाती लावा. हुकमानं वेल बदलते का? लगेच नाही. शेतकरी हा शेतकरीच. पण पुढच्या शंभर वर्षांत रीसलिंग पसरलं खरं.

इथं गुरुजींचा प्रश्न विचारू. रीसलिंग उशिरा पिकणारं द्राक्ष आहे. थंड प्रदेशात खरं तर लवकर पिकणारी जात हवी, हिवाळ्याच्या आत घरात येणारी. मग उशिरा पिकणारीच इथं का?

एक कारण असं की तिचं लाकूड कडक थंडी सोसतं आणि डोळे जरा उशिरा फुटतात, म्हणून वसंतातल्या हिमकणांतून ती बऱ्याचदा निसटते. दुसरं कारण समजून घ्यायला आपल्याच बागेकडं पाहावं लागतं. आपल्याकडं ऑक्टोबरला छाटणी, डिसेंबरला थंडी, आणि मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे तो पिकायला लागला, की पुढं दिवसेंदिवस ऊन वाढत जातं. फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात माल तयार होतो. आपलं द्राक्ष थंडीकडून उन्हाकडं पिकतं. मोझेलचं द्राक्ष बरोबर उलटं, उन्हाकडून थंडीकडं. ऑगस्टअखेर पाणी उतरतं आणि पुढं प्रत्येक दिवस आदल्यापेक्षा थंड, प्रत्येक रात्र आदल्यापेक्षा लांब.

मण्यातल्या आंबटपणाचा मोठा भाग मॅलिक आम्लाचा. वेल श्वास घेते तेव्हा तेच जाळते, आणि रात्र गरम असेल तर भराभर जाळते. म्हणून आपल्या थॉमसन द्राक्षात साखर चढते आणि आंबट पळून जातं. खाण्याच्या द्राक्षाला ते बरंच आहे, मुंबईच्या बाजारात आंबट द्राक्ष कोण घेईल? पण थंड शरदात आम्ल जळत नाही, साखर मात्र सावकाश चढत राहते, आणि वास निर्माण करणारी द्रव्यं तयार व्हायला लागणारा वेळ मिळतो. शेवटी एकाच मण्यात भरपूर गोड आणि भरपूर आंबट दोन्ही. पिकलेल्या रायवळ आंब्याची कोय चोखताना जे होतं, ते आठवा. नुसता गोड आंबा दोन फोडींनंतर नको होतो.

जुन्या काळी या दोघांचा मेळ वाइनमध्येही आपोआप बसायचा. रस हजार लिटरच्या लाकडी पिंपात, ज्याला तिथं फूडर म्हणतात, आंबायला ठेवायचा. डिसेंबर येई, तळघर गार पडे, यीस्ट गारठून काम सोडे आणि थोडी साखर पिंपात तशीच राही. म्हणून या वाइनमध्ये मद्यार्क कमी, हलक्या प्रकारात सात-आठ टक्के, आणि जिभेवर गोडीच्या मागून आंबटाची रेघ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऱ्हाइन आणि मोझेलच्या उत्तम रीसलिंगला बोर्डोच्या नामांकित लाल वाइनइतकी, कधी त्याहून जास्त किंमत मिळत असे.

पण हे चांगल्या सालाचं वर्णन झालं. साल चांगलं दशकातून तीनचारदाच यायचं. बाकीच्या वर्षी सप्टेंबरातच ढग, ऑक्टोबरात पाऊस, आणि मणी हिरवाच. या खोऱ्याचा खरा इतिहास कच्च्या द्राक्षाचा आहे. आणि त्या इतिहासात एक ओळखीचा माणूस येतो.

१८१५ नंतर हा मुलूख प्रशियाकडं गेला. सुरुवातीला मोझेलच्या वाइनला प्रशियाची मोठी बाजारपेठ आयती मिळाली, वेली वाढल्या. मग १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ झाला आणि दक्षिणेची स्वस्त, गोड वाइन बिनजकातीची येऊ लागली. त्यातच वाईट सालं एकामागून एक. शेतकरी कर्जात बुडाले. ट्रियरमध्येच जन्मलेला, कोलोनच्या एका दैनिकाचा २४ वर्षांचा संपादक होता, त्यानं या शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवर जानेवारी १८४३ मध्ये लेखमाला चालवली. सरकारी अधिकारी म्हणत होते, संकट निसर्गाचं आहे, शेतकऱ्यांच्या आळसाचं आहे. संपादक म्हणत होता, कारभाराचंही आहे. मार्चअखेर ते दैनिक बंद झालं. संपादकाचं नाव कार्ल मार्क्स. वनातल्या लाकूडचोरीचा कायदा आणि मोझेलच्या शेतकऱ्यांचे हाल यांनी आपल्याला पहिल्यांदा पैशाच्या, पोटाच्या प्रश्नांकडं वळवलं, असं त्यानं पुढं स्वतःच नमूद केलं आहे. त्याच्या वडिलांचाही रूवर या मोझेलच्या उपनदीच्या खोऱ्यात एका बागेत हिस्सा होता. 'भांडवल'च्या मुळाशी आंबट द्राक्षं आहेत, असं म्हटलं तर सभागृहातले जुने कॉम्रेड रागावतील, म्हणून म्हणत नाही.

त्या लेखमालेच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, वेलेन गावातल्या एका बागाईतदारानं उतारावरच्या खडकावर भलंमोठं सूर्यघड्याळ बसवलं, वर काम करणाऱ्यांना जेवणाची वेळ कळावी म्हणून. ते आजही आहे आणि त्या उताराच्या बाटल्यांवर 'सूर्यघड्याळ' असंच नाव छापलं जातं.

याच ट्रियरचा लुडविग गाल हा आणखी एक माणूस, समाजवादी विचारांचा. त्यानं उपाय शोधला तो बागेत नाही, तळघरात. रस आंबट असेल तर त्यात साखरेचं पाणी घाला, म्हणजे आंबट पातळ होईल आणि साखरेची दारू होईल. शुद्धतेचे पुजारी खवळले. पण वाईट सालात या साखरपाण्यानं कितीतरी घरं तगवली. मला या माणसाबद्दल कायम आदर वाटत आला आहे. दुधात पाणी घालणाऱ्याशी त्याची तुलना करू नये.

तर साखर ही इथली दुर्मीळ गोष्ट. जी गोष्ट दुर्मीळ, तीच माणूस मोजतो. फोर्झहाइमचा फर्डिनांड ओक्स्ले हा सोनारकामातून यंत्रांकडं वळलेला गृहस्थ, १७७४ ते १८५२. त्यानं रसात बुडवायचं एक तराजू बनवलं. एक लिटर पाण्याचं वजन हजार ग्रॅम, तर एक लिटर रसाचं त्याहून किती जास्त, तेवढे ओक्स्ले अंश. रस १०८० ग्रॅम भरला तर ८० अंश. आपण साखर मोजतो त्या ब्रिक्सच्या साधारण चौपट धरा.

आणि मग १९७१ मध्ये जर्मनीनं वाइनचा कायदा केला आणि वाइनची प्रतवारी या अंशांवर बसवली. खालून वर काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ अशा पायऱ्या. मोझेलच्या रीसलिंगला काबिनेटसाठी सत्तर अंशांच्या आसपास, आणि सगळ्यांत वर ट्रोकनबेअरनआउसलेझ, किमान १५० अंश, बुरशीनं आक्रसून मनुका झालेल्या मण्यांची. (शब्द केवढा आहे बघा. संस्कृतच्या पंडितांनीही एवढा समास टाळला असता.) ही सर्वांत वरची वाइन किती दुर्मीळ, तर सार नदीच्या काठच्या एका बागेची २००३ सालातली एक बाटली २०१५ मध्ये ट्रियरच्या लिलावात १२ हजार युरोला गेली.

कायद्याचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्या मते त्यानं मोठा घोटाळा केला. गोडी म्हणजे दर्जा असं एकदा कागदावर लिहिलं, की गोडी सोप्या मार्गानं मिळवणारे पुढं येतात. १८८२ मध्ये हेरमान म्युलर या स्विस शास्त्रज्ञानं गाइझेनहाइमला एक संकर केला होता, लवकर पिकणारा, भरपूर पिकणारा. त्याच्या गावच्या प्रांतावरून त्याला म्युलर-थुर्गाउ म्हणतात. त्याला वाटलं आपण रीसलिंग आणि सिल्व्हानर यांचा मेळ घातला. शंभरेक वर्षांनी जनुकांची तपासणी झाली तेव्हा कळलं की बाप दुसराच, माडलेन रोयाल. तर ही आणि अशी द्राक्षं डोंगराच्या पायथ्याला, बटाट्याच्या सपाट जमिनींवर लागली. अंश भरत होते, यंत्रानं काम होत होतं. जुन्या हजारो उतारांची नावं एकत्र गुंडाळून मोठमोठी नावं तयार झाली, आणि नामांकित गावाच्या नावाखाली सपाटीचं साखरपाणी जगभर स्वस्तात विकलं गेलं. कालमोंटसारख्या उतारावर रांगत काम करणाऱ्या माणसाची बाटलीही त्याच दुकानात त्याच फळीवर. ब्रिक्स आला म्हणजे माल उत्तम, हे वाक्य आपल्याकडंही सकाळ-संध्याकाळ ऐकू येतं, म्हणून जरा जास्त बोललो.

दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मी मधल्या मोझेलवर एका बागाईतदाराकडं दोन दिवस होतो. वय माझ्याएवढंच. आमची खरी ओळख झाली ती रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर. त्यानं खिशातून काढला तो आमच्या घरच्यासारखाच निघाला, फक्त आतल्या पट्टीवर ओक्स्लेचे आकडे. त्यानं मणी चिरडला, मी डोळा लावला. ८८. मी मनात चारानं भागलं, २२. "चांगला आहे," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि दुसरा मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. "खा." खाल्ला. "बी चाव." चावली, ती करकरीत, तपकिरी. मग तो म्हणाला, "आता जिभेच्या कडांना काय वाटतं ते सांग." कडांना फारसं काही वाटत नव्हतं. त्याला तेच दाखवायचं होतं.

त्या रात्री त्यानं वीसेक वर्षं जुनी बाटली उघडली. शब्द दिला होता पेल्याबद्दल कमी बोलेन, म्हणून एवढंच सांगतो: पेला नाकाशी नेला आणि मी थेट आमच्या ओट्यावरच्या पितळी स्टोव्हपाशी पोचलो. रॉकेलचा वास. मला वाटलं पेला नीट धुतलेला नसावा. तो हसला. जुन्या रीसलिंगला हा वास येतोच, मण्यातल्या एका द्रव्यातून तो काळानं तयार होतो, आणि मण्यांना उघडं ऊन जितकं जास्त तितका तो लवकर आणि जास्त येतो. तो म्हणाला, हल्ली पाचव्याच वर्षी येतो.

कारण ऊन आता दुर्मीळ राहिलेलं नाही. पूर्वी ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबरात होणारी रीसलिंगची तोडणी आता पुष्कळदा सप्टेंबरातच सुरू होते. ८० अंश गाठणं ही ज्या घरात सणासारखी गोष्ट होती, तिथं आता नव्वदीला अडवायचं कसं, याची चिंता आहे. एकेकाळी मोझेलला लाल द्राक्षं लावायला परवानगीच नव्हती, ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिळाली. आज तिथं पीनो न्वार उत्तम पिकतं. आइसवाइनचं तर काय झालं बघा. ही वाइन करायला मणी वेलीवरच गोठावे लागतात, उणे सात अंश किंवा त्याखाली, आणि गोठलेलेच तोडून पिळावे लागतात, म्हणजे पाण्याचा बर्फ मागं राहतो आणि घट्ट गोड रस उतरतो. पहाटे तीनला कंदील घेऊन निघणारी माणसं ही तिथल्या हिवाळ्याची ओळख. २०१९ च्या हंगामात जर्मनीत कुठंच एवढी थंडी पडली नाही. सबंध देशात आइसवाइन झाली नाही, आणि असं पहिल्यांदाच घडलं.

थंडी कमी झाली तर नुकसान तरी कमी व्हावं. तेही नाही. वसंत लवकर उबदार होतो, वेल फसते आणि लवकर फुटते, मग एप्रिलअखेर एखादी जुन्या चालीची रात्र येते आणि कोवळे कोंब एका रात्रीत काळे पडतात. २०२४ च्या २३ एप्रिलच्या पहाटे मोझेल, सार आणि रूवरच्या कितीतरी बागांत असंच झालं. युरोपात अशा रात्री ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात. तो हे सांगत होता तेव्हा मला आमची निफाडकडची बाग दिसत होती. डिसेंबर-जानेवारीत पारा चारपाच अंशांवर आला की वडील मध्यरात्री उठवायचे. बांधावर पालापाचोळा रचलेला असायचा, तो पेटवायचा, धूर बागेवर धरायचा, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडायचं. नाहीतर मण्याची फुगवण थांबते, तडे जातात. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि पाठीमागून थंडी चावायची. मी त्याला हे हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यानं माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तोवर मी त्याच्या लेखी उन्हाच्या देशातून आलेला पाहुणा होतो.

निघायच्या दिवशी त्यानं आजोबांपासूनची वही दाखवली. कापडी पुठ्ठ्याची, तळघराच्या ओलीनं फुगलेली. प्रत्येक वर्षाला एक ओळ: तारीख, उतार, अंश. आजोबांच्या अक्षरात बासष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट, असे आकडे, आणि मध्येच कुठं ऐंशी आला की खाली दोन रेघा. वडिलांच्या पानांवर रेघा वाढतात. त्याच्या स्वतःच्या पानांवर रेघ एकही नाही. त्याऐवजी त्यानं उजवीकडं पेन्सिलीनं एक नवा रकाना पाडला आहे, आम्लाचा, दर लिटरला किती ग्रॅम.

मग त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडं एवढ्या उन्हात वाइनसाठी द्राक्ष लावणारे लोक आहेत ना? ते आंबट कसं टिकवतात?"

मला जेवढं शेजाऱ्यांच्या बागेत पाहून माहीत होतं तेवढं सांगितलं. घडावरची पानं काढत नाहीत, सावली राहू देतात. साखर चढायची वाट फार बघत नाहीत. तोडणी रात्री नाहीतर पहाटे, ऊन वर यायच्या आत माल गार खोलीत.

"पहाटे किती वाजता?"

"तीन-चारला निघतात. डोक्याला बॅटरी लावून."

त्यानं वही उलटी केली, मागचं कोरं पान काढलं आणि लिहून घेतलं.